पुरे झालेलं शिक्षण

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे ‘पाऊणइंच’ म्हणतात. कपडा सैल होवो नाहीतर आवळो, त्याचं उत्तर ठरलेलं, “पाऊण इंचाचा तर प्रश्न आहे!” हातात कला, डोक्यात हवा आणि अक्षरओळख स्वतःच्या सहीपुरती. तीही खडूनं कापडावर नक्षी काढावी तशी काढतो. टेपवरचे आकडे त्याला कळतात, पण ते कोणाचे हे वहीत लिहिणार त्याची लेक आणि वाचून दाखवणारही तीच.

एवढी उपयोगाची पोरगी शाळेत कशाला वाया घालवायची? दहावीच्या ऐन मध्यात यानं तिला दुकानात बसवली. परीक्षेच्या फॉर्मवर बापाची सही हवी होती आणि फॉर्म भरायला येत्या शनिवारपर्यंतच मुदत होती. सोमवारी तिच्या वर्गाच्या बाईच फॉर्म घेऊन दुकानात आल्या.

“लिहिता-वाचता येतंय की, बाई. मुलीच्या जातीला एवढं पुरे झालं,” पाऊणइंच म्हणाला.

“पुरे झालं ना?” बाई दिसायला गरीब, पण आतून बेरकी. मुलीकडे वळून म्हणाल्या, “मग बाळ, शाळेत शिकलेलं दुकानात वापरायचं नाही. काज कर, बटणं लाव. वहीला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.”

“बरं, बाई,” पोरगी इतक्या चटकन म्हणाली, की दोघींचं आधीच ठरलं असावं असा मला दाट संशय आहे.

“नको लावूस!” बाप फुरफुरला. “तीस वर्षं नजरेनं मापं ओळखतोय मी!”

चार दिवस नजरेनं कारभार चालला. शुक्रवारी बँकेचे साहेब पँट घालून बघायला आले. रविवारी त्यांचा निवृत्तीचा समारंभ. देह असा, की पडद्याआड ते शिरले की पडदाच पुढे येतो. आतून बराच वेळ धडपड ऐकू आली. मग आवाज आला, “अहो मास्तर, ही माझ्या नातवाची का?”

पँट मांडीवरच अडकली होती. वहीतलं पान चुकून साहेबांचं कापड सडपातळ पोस्टमनच्या मापानं कापलं गेलं होतं.

“पाऊण इंचाचा तर...”

“सात इंच कमी आहे!” साहेब गरजले.

पाऊणइंचानं वही लेकीसमोर धरली. “वाच गं, यांचं पान कुठलं?”

“बाई रागावतील, बाबा.” काजावरची नजर तिनं वर उचलली नाही.

गळ्यात टेप तसाच लोंबकळत ठेवून गडी शाळेत धावला. सही केली, नक्षीसकट. पण बाईंनी फॉर्म लगेच घेतला नाही. “परीक्षेच्या दिवशी कोणी गिऱ्हाईक आलं, तर हिला परत बोलवाल. त्यापेक्षा नावं वाचायला तुम्हीच शिका. शिकवेल ती.”

त्यानं कबूल केलं, तेव्हा कुठे लेकीनं वहीतलं साहेबांचं पान काढून दिलं. आता दुकान उघडण्याआधी अर्धा तास शाळा भरते. लेक शाळेचा गणवेश घालून, वेणी घालता घालता बापाकडून बाराखडी गिरवून घेते. परवा एक अक्षर चौथ्यांदा चुकलं, तेव्हा तिनं ते वीस वेळा लिहायला लावलं आणि निघून गेली शाळेत.

“बघा,” पाऊणइंच पाटीत मान घालून माझ्याजवळ कुरकुरला, “शिकवलं की मुली अशा डोक्यावर बसतात.”

मी म्हटलं, “खरंय. पण तुझी आठच अक्षरं झालीत. अजून बारा राहिली.”