वीस संमतीपत्रं

मी स्त्री अभ्यास या विषयात एम.ए. करतेय हे कळल्यावर आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी विचारलं होतं, "त्यात काय शिकवतात गं? बाई म्हणून जन्माला आलीस तेवढं पुरत नाही का?" तेव्हा मी फणकारले होते. आता वाटतं, काकूंचा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता. दोन वर्षांत मला पुष्कळ शिकवलं. समोरच्या बाईला खरं काय ते सांगावं, एवढं मात्र माझं मलाच कळायला हवं होतं आणि ते मला कळलं नाही.

दुसऱ्या वर्षाला लघुप्रबंध असतो. मी विषय घेतला कळंबोलीतल्या लोखंडाच्या यार्डांत काम करणाऱ्या बायकांचा. माझं घर कळंबोलीतच, यार्ड चालत वीस मिनिटांवर. लोकांना सांगताना मी 'सामाजिक बांधिलकी' वगैरे म्हणायचे, पण खोटं कशाला बोला, ते सोयीचं होतं. वडिलांनी तिथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली, त्यांच्या ओळखीने मला एका यार्डात जाता आलं. कुणाचं ते यार्ड, ते इथे सांगत नाही.

पत्र्याचं कुंपण, आत लोखंडाचे ढीग आणि पंचवीसेक बायका. भंगार निवडायचं, चुरा झाडून गोळा करायचा, आणि तव्याएवढं लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीवरून ओढत सांडलेले खिळे-बोल्ट वेचायचे. ते चुंबक ओढणारी बाई सोलापूरकडची, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. सगळ्याजणी तिला मावशी म्हणायच्या, मीही म्हणू लागले. पहिल्याच दिवशी तिने मला यार्डाच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं.

"ह्यो बग आमचा संडास. लिवून घे."

दारावर टिकली लावलेल्या बाईचं चित्र, खाली 'महिला' असं रंगवलेलं, आणि कडीला कुलूप. फटीतून दिसत होते ऑइलचे डबे आणि एक मोडका कूलर. मी मुकादमाला विचारलं. तो मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, "मॅडम, तुमी कशाला टेन्शन घेता? ह्या बायकांना सवय आहे. उघडा ठेवला की घाण करतात. चावी ऑफिसात आहे." ऑफिसात विचारलं तर चावी मुकादमाकडे. बाप्यांचा संडास मात्र सताड उघडा होता, आणि घाणीचं म्हणाल तर नाक धरून पुढे जावं लागायचं.

बायका सकाळी आठला येत, सहाला सुटत. घरून निघताना जाऊन यायचं आणि मग दिवसभर पाणी प्यायचं नाही. मे महिना, तापलेलं लोखंड, आणि पाणी प्यायचं नाही. अगदीच धीर सुटला तर उभ्या ट्रेलरच्या मागे जायचं, दुसरीने पदर पसरून आडोसा धरायचा. कधी एखादा ड्रायव्हर मुद्दाम हॉर्न वाजवायचा आणि बाकीचे हसायचे. त्या हॉर्नची मला आजही शिसारी येते.

पहिल्या दिवशी मीही पाणी प्यायले नाही. दोन वाजता पोटात कळ आली तशी सरळ घर गाठलं. बाथरूमचं दार लावल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं, मग स्वतःचीच चीड आली. मावशी तेव्हा चुंबक ओढत होती, आणि अजून चार तास ओढणार होती.

माझ्या मार्गदर्शक मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं वाचलं, बारकाईने वाचलं. मी लिहिलं होतं, 'बायका लघवी तुंबवतात.' त्यांनी लाल पेनाने ते खोडून वर लिहिलं, 'शारीरिक गरजांचे नियोजन करतात.' आणि तो सगळा मजकूर 'जुळवून घेण्याच्या रणनीती' या मथळ्याखाली हलवायला सांगितला. रणनीती! ओटीपोट दाबून धरलेली बाई रणनीती आखत नसते हो, ती सहा कधी वाजतात ते बघत असते. हे मी त्यांना म्हणाले का? नाही. मी "हो मॅडम" म्हणाले आणि मथळा बदलला.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. जिची मुलाखत घ्यायची तिची लेखी संमती घ्यावी लागते. नियम चांगला आहे, कुणालाही अंधारात ठेवून तिच्यावर अभ्यास करू नये म्हणूनच तो केलेला आहे. मला वीस संमतीपत्रं हवी होती, त्यांच्याशिवाय लघुप्रबंध जमा करून घेत नाहीत. विभागाने दिलेला मजकूर असा होता: 'सदर संशोधनाचे स्वरूप मला समजावून सांगण्यात आले असून मी त्यात स्वेच्छेने सहभागी होत आहे.' मी मावशीसमोर पहिली ओळ वाचली. तेवढ्यात एक ट्रेलर आत आला आणि तिने हात हलवला.

"कळलं, कळलं. अंगठा कुटं द्यायचा ते सांग."

मी निळं स्टॅम्प पॅड पुढे केलं. तिच्या अंगठ्याच्या रेषा उमटेचनात, लोखंडाने पार गुळगुळीत झाल्या होत्या. तिसऱ्या वेळेला जरा उमटल्या. शाई पदराला पुसत तिने विचारलं, "वर देनार न्हवं ह्यो कागद?" मी म्हणाले, "हो, विद्यापीठात." ती समाधानाने मान हलवून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी दोन बायका बोलत होत्या ते माझ्या कानावर आलं. "संडासाच्या अर्जावर सही केलीस का? मावशीनं पयला अंगठा दिला. ती पोरगी वर नेऊन देनार हाय."

माझ्या पिशवीत तोवर बारा कागद झाले होते. आठ बाकी होते. मला त्याच क्षणी उठून सांगता आलं असतं की बायांनो, हा अर्ज नव्हे. मी उठले नाही. सांगितलं तर उरलेल्या आठजणी सही करतीलच कशाला, हा विचार माझ्या मनात आला, अगदी स्पष्ट आला, आणि मी तो ऐकला. वीस पूर्ण झाले की सगळ्यांना नीट समजावू, असं मी ठरवलं. वीस पूर्ण झाले त्या दिवशी मी त्यांना वडापाव दिले, आभार मानले आणि घरी आले. मुकादमाला शिव्या घालायला मला फार सोपं जातं. त्याने निदान कुलूप उघड्यावर तरी लावलं होतं.

लघुप्रबंधाला उत्तम श्रेणी मिळाली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "तुमचं फील्ड फार समृद्ध आहे." मी काढलेला कुलूपबंद संडासाच्या दाराचा फोटो त्यांना विशेष आवडला. संमतीपत्रं 'गोपनीय' असं लिहिलेल्या पाकिटात घालून विभागाच्या कपाटात ठेवण्यात आली. महिला दिनाला मी त्याच विषयावर एका सभागृहात निबंध वाचला. एसी इतका की शाल घ्यावी लागली. प्रत्येक खुर्चीपुढे पाण्याची बाटली होती. निबंध संपेस्तोवर मी माझी पूर्ण बाटली प्यायले, आणि टाळ्या झाल्या.

त्यानंतर पंधरवड्याने मावशी दिसली. यार्डात नाही, बाहेर रस्त्यावर. ट्रेलर वळतात त्या कोपऱ्यावर धुळीतून तसंच एक चुंबक ओढत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला, ते मला अजून सहन होत नाही.

"मावशी, यार्ड सोडलं?"

"काडलं मला. मुकादम लई बोलाय लागला तशी म्या बी सुनावलं. म्हनलं, आमचा अर्ज गेलाय वर, आता बग कुलूप ऱ्हातंय का. दुसऱ्या दिशी म्हनला, उद्यापास्नं येऊ नगंस." तिने चुंबकाला चिकटलेले दोन खिळे काढून पिशवीत टाकले. "जाऊ दे. म्या काय, कुटं बी वेचीन. त्या बाकीच्या पोरींची तर सोय हुईल. अर्जाचं काय झालं, पोरी?"

त्या वेळी पुन्हा खोटं बोलणं सहज शक्य होतं. 'विचाराधीन आहे' म्हटलं असतं की झालं असतं. पण माझ्याच्याने झालं नाही. मी म्हणाले, "मावशी, तो अर्ज नव्हता."

"मंग काय हुतं?"

"तुम्ही माझ्याशी बोलायला तयार आहात, असा कागद होता. माझ्या परीक्षेसाठी."

"बोलत तर हुतोच की तुज्यासंगं. त्येला अंगठा कशाला लागतू?"

याचं उत्तर मला दोन वर्षं शिकवलेलं होतं.

तिने हातातली दोरी खाली टाकली. मग म्हणाली, "म्हंजी आमचा अर्ज अजून गेलाच न्हाई."

मी तिथेच रडले असते, पण रडायचा हक्क माझा नव्हता. घरी येऊन मी रात्री जेवले नाही, आईवर विनाकारण खेकसले, लघुप्रबंधाची प्रत भिरकावली आणि मग उचलून पुन्हा कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी कामगारांच्या सरकारी कचेरीच्या नावे खरा अर्ज लिहिला. यार्डाचं नाव, मुकादमाचं नाव, मावशीला काढल्याचं, सगळं. तो घेऊन त्या कोपऱ्यावर गेले.

"वाच," मावशी म्हणाली. "समदा वाच. आज ट्रेलर आला तरी थांबू नगंस."

मी वाचू लागले. 'महिला कामगारांसाठी मूलभूत सुविधांचा अभाव' इथे तिने थांबवलं.

"ह्ये काय?"

"म्हणजे संडास नाही, असं."

"मंग तसं लिव की. आन् तो न्हाई असं बी न्हाई, कुलूप हाय. कुलूप लिव."

मी खोडलं. संडास लिहिलं, कुलूप लिहिलं, 'लघवी तुंबवावी लागते' असंही लिहिलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचायला लावलं. मग मी स्टॅम्प पॅड पुढे केलं. तिने हात पुढे केला नाही. दोरी मनगटाला गुंडाळली आणि चुंबक ओढत निघाली.

"मावशी, अंगठा?"

"माजा येक हाय की तुज्याकडं," ती मागे न बघता म्हणाली. "त्योच लाव."