डाव्या खिशातली नावं

"दिसतंय तेवढंच हाय का रं?" असं म्हणत काका बॉयलरच्या काचेखालची तोटी उघडायचे. काचेतलं पाणी खाली जाऊ द्यायचे आणि ते पुन्हा वर चढलं की मगच त्या पातळीवर विश्वास ठेवायचे. माणसांशीही तसंच. कुणी चहा पाजला तरी आधी विचारायचे, "का रं, काय काम हाय?"

पोशीरहून खालापूरच्या आमच्या कागद कारखान्यात येणारा हा माणूस वीस वर्षं बॉयलरवर हेल्पर होता. मी तिथला टाइमकीपर. तुमच्याही कामावर असा एखादा असेल, ज्याच्याशी भांडण नाही, पण ज्याच्यासमोर कुणी मनातलं बोलत नाही.

त्या वर्षी माणसं कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. नेमकी तेव्हाच काकांच्या खिशात जाड कागदाच्या तुकड्यांची गड्डी दिसू लागली. फावल्या वेळात ते एक तुकडा काढायचे, डोळे मिटून पुटपुटायचे, उलटून बघायचे आणि डाव्या नाहीतर उजव्या खिशात टाकायचे. कुणी जवळ आलं की गड्डी गायब.

"काका, काय वाचताय?"

"तुला काय करायचंय रं?"

मग कटिंग मशिनवरच्या एकानं मागून डोकावून एक तुकडा पाहिला आणि धावतच माझ्या खिडकीशी आला. "नावं हायेत त्यात! आपल्याच लोकांची. कळंबच्या दोघांची हायेत, तुझं पन आसंल." झालं, सगळा उलगडा झाला. डावा खिसा जाणाऱ्यांचा, उजवा राहणाऱ्यांचा. काका मालकाचे कान झाले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या बाकड्यावर आम्ही असे पसरून बसलो, की त्यांना जागाच उरू नये. काकांनी पाहिलं, डबा उचलला आणि बॉयलरमागे गेले. तीन महिने ते तिथंच जेवले. मीही कधी सरकलो नाही. उलट ते कुणाकडे बघतात यावर नजर ठेवून होतो.

एका सकाळी हजेरी लावताना त्यांच्या खिशातून एक तुकडा खाली पडला. ते पुढे गेल्यावर मी तो उचलला. एकदाचा पुरावा मिळाला होता.

नावं होती खरी, पण छापील. वर "आपले नम्र", त्याखाली आमचा अर्धा कारखाना, चौथं नाव माझं. माझ्याच पुतणीच्या लग्नाची पत्रिका! आमच्याकडे पत्रिकेत कुणाचं नाव राहिलं तर मांडवात रुसवे होतात, म्हणून सगळी भावकी आणि मित्रमंडळ छापावं लागतं. काकांनी गणपतीचं चित्र तेवढं कापून ठेवलं असावं आणि उरलेल्या पत्रिकेचे, शिवाय घरातल्या इतर पत्रिकांचे तुकडे केले होते. मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं लिहिलं होतं, "काचेत पाणी दिसत नाही. आधी काय?" आणि नावांखालच्या जागेत उत्तर, "आधी आग बंद. आत पाणी सोडायचं नाही."

जेवणाच्या सुट्टीत मी बॉयलरमागे जाऊन तुकडा त्यांच्यापुढे धरला. काका आधी माझ्या हाताकडे, मग दाराकडे बघत राहिले.

"बॉयलर अटेंडंटच्या सर्टिफिकेटची परीक्षा हाय सोमवारी," शेवटी म्हणाले. "जुना अटेंडंट रिटायर होतोय. मी पास नाय झालो तर बाहेरचा मानूस येनार आनि हेल्पर कमी करनार, मंग माझं काम गेलं. येतं ते उजव्या खिशात, येत नाय ते डाव्या."

"सांगायचं नाही का, काका?"

"सांगितलं आसतं आनि नापास झालो, तर हसला आसतास ना?"

हसलो असतो. खोटं कशाला बोलू? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्याकडून गड्डी मागून घेतली. सुट्टी संपेपर्यंत मी विचारत होतो, ते सांगत होते. एका अर्धवट उत्तराला मी सूट दिली, तर तो तुकडा त्यांनी स्वतःच डाव्या खिशात टाकला.

ते पास झाले. आणि इथली जागा मिळत असूनही पंधरा दिवसांत दुसऱ्या कारखान्यात लागले. शेवटच्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटत म्हणाले, "तुमच्यामुळं झालं रं. तीन मैने कुनी बोललं नाय, म्हनून आभ्यास झाला."

टोमणा होता की मनापासूनचं, ते चेहऱ्यावरून कळेना. आमच्या तोंडात त्यांचेच पेढे होते.

पुढच्या आठवड्यात नवा अटेंडंट आला. सर्टिफिकेटवाला, अबोल. पहिल्याच दिवशी तो डबा घेऊन एकटा कोपऱ्यात बसला आणि मोबाइलमध्ये काहीतरी टिपू लागला. कटिंगवाला माझ्या कानाशी लागला, "ह्याच्यावर नजर ठेव रं."

मला काका आठवले. तरीही माझी नजर त्या मोबाइलकडे गेलीच.