सुभेदार इझार्नला झालेली शिक्षा

"डोंगरातला सुभेदार फितूर निघाला. सुलतानाचं सोनं खाऊन किल्ला विकला मेल्यानं!"

तरतूस बंदराच्या पाणवठ्यावर एक बाई असं म्हणाली आणि शमूनीनं आपला भरलेला घडा तिच्या डोक्यावर पालथा केला. आरडाओरडा झाला, बायका मध्ये पडल्या, पण शमूनी मागे हटेना.

"सोनं? अगं, घोड्यांचं मूत गाळून प्यालो आम्ही त्या किल्ल्यात! तुझ्या घशाला कोरड पडली असती ना, म्हणजे कळलं असतं कोण फितूर ते!"

खरं तर इझार्नला शिव्या घालायचा हक्क कुणाला असलाच, तर तो शमूनीला होता. समुद्रापलीकडून तो आला तेव्हा मिसरूड नुकतं फुटलेला पोरगा होता. उन्हानं नाकाची सालं निघालेली, अंगावर लढवय्या फिरंगी साधूंच्या पंथाचा पांढरा झगा, छातीवर लाल क्रूस. शमूनीच्या ऐन-कशा गावानं, म्हणजे इथल्याच सुरियानी ख्रिस्ती माणसांनी, आपलं जैतुनाचं तेल मुसलमान व्यापाऱ्यांना विकलं, एवढ्याच रागानं पंथानं त्याला घोडेस्वार देऊन गावावर धाडलं. त्यानं शेळ्या हाकून नेल्या आणि तेलघाण्याचं जातं फोडायला काढलं. शमूनीचा बाप घाण्याच्या उंबऱ्यावर आडवा पडला. इझार्न त्याला ओलांडून आत गेला. जातं फुटलं. म्हातारा त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही. शमूनी या फिरंग्याच्या घोड्यावर थुंकली होती, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

इझार्नची बढती झाली ती काही शौर्यानं नाही. वरचे दोघे तापानं गेले, एक जण दारू पिऊन तटावरून खाली पडला, आणि अख्ख्या डोंगरी मुलखाची सुभेदारी याच्या गळ्यात आली. तोवर शमूनी विधवा होऊन किल्ल्याच्या भटारखान्यात भाकऱ्या भाजायला लागली होती. तिचा मुलगा याकूब तिथंच तिरंदाज होता. थंडीत शेकायला म्हणून सुभेदार भट्टीपाशी येऊन बसायचा आणि बायकांकडून इथली भाषा शिकायचा. बायकांकडून शिकला, म्हणून बोलायचाही बायकांसारखाच.

"याकूबच्या आई, मी आली. आज फार दमली. भाकर झाली का?"

तिरंदाज दाढी चावून हसू दाबत. एकानं धीर करून चूक सांगितली, तर सुभेदार म्हणाला, "असू दे. जिथं शिकली, तसं बोलते."

एका वसंतात त्यानं खाणीतून नवं जातं काढून ऐन-कशाच्या घाण्यावर बसवून दिलं. माफी त्यानं मागितली नाही, शमूनीनं दिली नाही. पण त्याच्या वाटणीची भाकर ती करपू देत नसे.

मग सुलतानाची फौज आली. आसपासच्या गावांनी किल्ल्यात धाव घेतली, तर सुभेदारानं दरवाजे उघडून सगळ्यांना आत घेतलं. वेढा पडला. धोंडे फेकणाऱ्या यंत्रांनी तट फारसा हलला नाही, पण एक धोंडा पाण्याच्या टाक्यात पडला, टाकं तडकलं आणि पाणी डोंगराच्या पोटात जिरून गेलं. तरतूसला दोनदा माणसं धाडली. मदत पाठवा, नाही तर किल्ला सोडायची परवानगी द्या. पंथाचा सेनापती फुल्क्रान तिथं जहाजं, धान्य आणि ताजी फौज घेऊन बसला होता. त्याचं उत्तर दोन्ही वेळा एकच आलं: धीर धरा, प्रार्थना करा.

प्रार्थनेनं टाकं भरेना. याकूबच्या बायकोचं दूध आटलं. तिचं तान्हं रडायचंसुद्धा थांबलं, तेव्हा शमूनी ते पोर घेऊन सुभेदारासमोर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी इझार्न एकटा, बिनहत्यारी, तटाबाहेर गेला आणि सुलतानाच्या फौजेच्या अमीराशी बोलणी करून आला. हत्यारं ठेवा, जीव घेऊन जा. गावकऱ्यांना वाटेल तेव्हा आपापल्या घरी परतायची मुभा. अमीरानं शब्द पाळला. सगळी माणसं बाहेर पडल्यावर सर्वांत शेवटी सुभेदार निघाला.

आणि तरतूसला पोचताच पंथानं त्याला कोठडीत घातलं! परवानगीवाचून किल्ला सोडणं हा मोठा गुन्हा. चौकशीच्या दिवशी शमूनी गावकऱ्यांना घेऊन पंथाच्या वाड्यावर गेली. दारवान म्हणाला, बायकांना आत मज्जाव आहे. मग तिनं गावच्या सौमा पाद्र्याला पुढे ढकललं. तो आत गेला आणि लगेच पडेल चेहऱ्यानं बाहेर आला.

"काय झालं?"

"फिरंग्याविरुद्ध आपल्या सुरियानी माणसाची साक्ष चालत नाही म्हणाले."

"अहो पण विरुद्ध कुठे? बाजूनं द्यायचीय ना!"

"तेच मी म्हटलं. तर म्हणाले, बाजूनंही चालत नाही."

शमूनीनं कपाळावर हात मारला. "वा! त्यांच्यासाठी मरायला चालतो आपण. बोललेलं तेवढं चालत नाही."

पाद्र्यानं आवाज खाली आणला. "अजून एक ऐक. फुल्क्राननं त्याला सुटायची वाट दाखवली होती. सुरियानी तिरंदाजांनी दगा करून दरवाजा उघडला, एवढं म्हण, झगा राहील, सुभेदारी राहील. तो नाही म्हणाला. किल्ला मी सोडला, दुसऱ्या कुणी नाही, म्हणाला."

तिरंदाजांमध्ये तिचा याकूबही होता. म्हणजे त्याला फासावर चढवून हे सगळे झगेवाले स्वच्छ राहणार होते! शमूनीच्या अंगाचा तिळपापड झाला. वेढ्यात पाण्याविना मेली ती पोरं कोणाच्या हिशेबात नव्हती. दुःख होतं ते किल्ल्याचा दगडांचा ढीग गेला त्याचं.

शिक्षा झाली. अंगावरचा पांढरा झगा सगळ्यांसमोर उतरवला. बाकीचे मेजावर, यानं वर्षभर जमिनीवर बसून जेवायचं, कुत्र्यानं ताटात तोंड घातलं तरी हाकलायचं नाही, दिवसभर गाढव हाकत पाणी वाहायचं.

शमूनीनं त्याला पाणवठ्यावरच गाठलं. केस पिकलेला सुभेदार गाढवाच्या पाठीवर पखाली बांधत होता.

"गप्प का बसलात तिथं? तोंड नव्हतं? सांगायचं होतं ना, कोण झोपलं होतं इथं धान्याच्या राशीवर ते!"

"सांगितलं. ऐकलं नाही कुणी. नियम मोडला तो मोडला, याकूबच्या आई."

"आग लागो त्या नियमाला! आणि तुलाही! कुत्र्याचं उष्टं खातोस आणि वर नियम सांगतोस मला?" संतापात ती अरे-तुरेवर आली, तिचं तिलाही कळलं नाही.

तो पखालीची दोरी आवळत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या बापाला ओलांडून मी आत गेली, त्या दिवशी मला शाबासकी मिळाली. नवा घोडा मिळाला. त्याची चौकशी कुणी केली नाही. आजवर नाही."

शमूनीनं दुसऱ्या बाजूची पखाल बांधायला घेतली.

वर्ष सरल्यावर पंथानं त्याला झगा परत दिला, पण सुभेदारी नाही. सायप्रस बेटावर पंथाचे द्राक्षमळे होते, तिथं राखणीला धाडायचं ठरलं. जहाज निघायच्या दिवशी डोंगरातली सगळी माणसं धक्क्यावर जमली. फुल्क्रानही आपले घोडे जहाजावर चढवायला आला होता. शमूनी थेट त्याच्यासमोर गेली.

"हा माणूस आमच्याबरोबर तहानेनं तडफडत होता, तेव्हा तू कुठे होतास रे? कोणत्या तोंडानं त्याला शिक्षा केलीस? तुझ्या धान्यात किडे पडोत!"

सेनापतीनं दुभाष्याकडे पाहिलं. "काय म्हणते ही?"

दुभाष्या घामाघूम झाला. "सर्वांचा प्रवास सुखाचा होवो, म्हणते."

फुल्क्राननं मान लववली. ती मान पाहून शमूनीला कळलं, दुभाष्यानं शब्द फिरवले. भट्टीपाशी तिलाही फिरंग्यांचे चार शब्द येऊ लागले होते: भाकर, पाणी, विस्तव आणि लाज. त्यातला शेवटचा शब्द ती त्यांच्याच बोलीत सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडली. एकदा नाही, शिपायांनी दंड धरून बाजूला ओढेपर्यंत.

जहाजाच्या कठड्याशी इझार्न उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि जहाज वळेपर्यंत हातात धरून ठेवली.

शरदात शमूनी घरच्यांना घेऊन ऐन-कशाला परतली. नव्या अमीराची माणसंही जैतुनाचा वाटा मागायला आलीच, आणि त्यांच्याशीही ती भांडली. सायप्रसची काही खबर आली नाही. फिरंगी व्यापारी तेल घ्यायला गावात आला की ती आधी इझार्नची विचारपूस करी. तो कोण, असं त्यानं विचारलं की तिचा पारा चढे, आणि मग पहिल्यापासून सगळं ऐकल्याशिवाय त्याला तेल मिळत नसे.