भात्यावर कोण?

पेटीवाले काका एकटे कधी पेटी वाजवत नसत. उजव्या हाताने पट्ट्या आणि डाव्याने भाता, हे कुठल्याही पेटीवाल्याला जमतं; त्यांचा तर जन्म त्यात गेलेला. पण खामगावच्या व्यसनमुक्ती केंद्रात ते एका पेटीला दोन माणसं बसवत. एकाने भाता मारायचा, दुसऱ्याने पट्टी दाबायची. स्वतः वाजवायचं झालं तरी भात्यावर कोणीतरी लागायचंच. "एकट्यानं वाजवली का तहान लागते," म्हणायचे. मी हसले होते.

मी तिथे पत्रकं वाटायला जायचे. दारूबंदीचं काम करते. दुकानाला परवाना देणारं आणि भिंतीवर 'दारू सोडा' रंगवणारं सरकार एकच आहे, हे मी तेव्हाही सांगायचे, आजही सांगते. काकांनी माझं पत्रक चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. असं वाचणारे ते पहिलेच. मग घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "चांगलं लिवलं, पोरी. पण वाचून वाटलं का चोर आपुनच."

दुपारचे चार ही केंद्रातली सगळ्यात वाईट वेळ. त्या वेळेला अंग मागतं. काका बरोबर चारला पेटी उघडत. नव्या माणसाला आठ दिवस एकच पट्टी, एकच सूर. गाणं नाही. कोणी कुरकुरला, की म्हणत, "एका सुरावर टिकता येत नाई अन् गाणं पाह्यजे का बे तुले?" हात थरथरणाऱ्याला ते भात्यावर बसवत. त्याची थरथर सुरात उतरायची, सूर बकरीसारखा बें बें करायचा, सगळे हसायचे, तोही हसायचा. पण पट्टीवरचा माणूस बोट उचलत नसे आणि भात्यावरच्याला हात थांबवता येत नसे. अर्धा तास जायचा. "हा अर्धा तास कोणाचाच नाई," काका म्हणत, "दोघायचा हाये."

ते पूर्वी गायन पार्टीत होते. जयंतीच्या दिवसांत आज या गावाला, उद्या त्या. आणि रीत अशी, की मंचावर चढण्याआधी वादकांना मागच्या खोलीत नेऊन 'घसा ओला' करायचा. पेटीवाल्याला गायचं नसतं, त्याच्या घशाचा काय संबंध, असं मी चिडून विचारलं. "मान असते तो," काका म्हणाले. "नाई म्हटलं तर माणूस नाराज होते." वीस वर्षं त्यांनी कोणाला नाराज केलं नाही. शेवटी काकू मुलीला घेऊन भावाकडे सोनाळ्याला गेल्या. जाताना सांगून गेल्या, वर्षभर कोरडे राहिलात तर या.

"ती सोनाळ्याले हाये," काका सांगत, जणू परवा लग्नाला गेली असावी. रविवारी केंद्रात शिकवणी नसायची, तरी ते येऊन फाटकाजवळच्या बाकड्यावर बसत. का, विचारलं तर म्हणाले, "खोलीत पंखा लय मोठ्यानं बोलते."

काकांना कोरडं राहून अकरावा महिना चालू होता, तेव्हा मी त्यांना मोताळ्याला नेलं. बाजाराचा दिवस, आमची सभा. मला मंचावर उदाहरण हवं होतं, सुटलेला माणूस. काकांनी एवढंच विचारलं, "भात्यावर कोण?"

मी म्हणाले, "काका, एकट्यानेच वाजवा ना. ते जास्त दिसेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाराज करायची सवयच नव्हती.

वाजवली मात्र अशी, की भाजीवालीने तराजू खाली ठेवला. टाळ्या झाल्या. मी बायकांना घेऊन तहसीलवर निवेदन द्यायला निघाले. "दहा मिनिटांत येते," म्हणाले. साहेब जागेवर नव्हते. आम्ही घोषणा दिल्या, फोटो काढले. दोन तासांनी परतले, तर पेटी चहाच्या टपरीवर, व्यवस्थित खोळ घातलेली. चहावाला म्हणाला, "त्यायच्या वळखीचा एक जण आला. म्हणे, काका, लय दिवसानं वाजवली, चाला, घसा ओला करू. जाताना काका मले सांगून गेले, पेटी केंद्राची हाये, बाईले सांभाळून न्या म्हणा."

पाचव्या दिवशी ते केंद्रात आले, पेशंट म्हणून. चारला पेटी उघडली. नियमाप्रमाणे एक पट्टी. पण भात्यावर बसायला कोणी पुढे येईना. गुरुजींसाठी भाता मारायची सगळ्यांना लाज. मी बसले. भाता घाईघाईने मारत सुटले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "हळू मार. हवा पुरते."

महिन्यांची मोजणी पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा प्यायले नाहीत. पण लिव्हर आधीच गेलं होतं, आठव्या महिन्यात सरकारी दवाखान्यात ते वारले. काकू सोनाळ्याहून आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी मला विचारलं, "कितवा होता?"

"आठवा."

"मांगच्या खेपेले अकरावा होता म्हणते."

मी त्यांना मोताळ्याचं सगळं सांगितलं. एकटं बसवलं, एकटं सोडलं, काही गाळलं नाही. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मीबी सोडलंच होतं, बाई." आणि आत गेल्या.

पत्रकं मी अजून काढते. परवाने अजून मिळतात. पण चारला कुठे सभा ठेवत नाही. केंद्रात कोणी नवा माणूस पेटीसमोर बसतो, बोट पट्टीवर ठेवतो आणि इकडेतिकडे पाहत विचारतो, "भात्यावर कोण हाये?"

"मी आहे," मी म्हणते. मोताळ्यात एवढंच म्हणायचं होतं.