बंद ठेवलेला आवाज

त्याचं नाव मी विचारलं नाही. शेवटी विचारायला तोंडच उरलं नाही. पेणच्या कारखान्यात रात्रभर गणपतींचे डोळे आखून तो चतुर्थीच्या सकाळी रोह्याच्या गाडीत माझ्यासमोर बसला. उजवा हात रुमालात गुंडाळून, तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरलेला.

“मला कासू टेशनाला उठवा, दादा. घरच्याच गणपतीचे डोळे राहिलेत. मी पोचल्याबिगर पूजा नाय,” म्हणाला आणि झोपला.

मी भाच्यासाठी घेतलेला व्हिडिओ गेम काढला. वरून ठोकळे पडायचे, ते खाली नीट रचायचे. रचता रचता कासू कधी गेलं, कळलंच नाही. पुढच्या नागोठण्याला तो आपणच दचकून उठला.

“खेळाच्या नादात लक्षात राहिलं नाही हो,” मी पुटपुटलो.

त्याने माझ्या हातातल्या गेमकडे पाहिलं. वाटलं, आता शिव्या.

“माझी झोप मोडंल म्हणून आवाज बंद ठेवलात. एवढं कोण करतंय?” म्हणाला आणि रिक्षा शोधायला उतरला.

आवाज मी बंद केला होता तो, माझ्यासारखा मिशीवाला बाप्या पोरांचा खेळ खेळतोय म्हणून डब्यात कुणी हसू नये यासाठी. ते सांगायचं सोडून मी खिडकीतून म्हणालो, “असू द्या हो.”