कडुलिंबाच्या पाल्यातले प्रोसेसर

माझ्या वडिलांनी माझ्या धंद्यात एकदाच हात घातला, आणि त्याचा धक्का मला अजून पुरता पचलेला नाही.

बजाजनगरात माझं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं. सुटे भाग मुंबईहून मागवायचे, इथं जोडायचे, आणि कंपनीतल्या कामगारांना पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून हप्त्यानं द्यायचे. नवरा शिफ्टमध्ये अडकलेला, त्यामुळे दुकान सगळं माझ्याच अंगावर. नव्या कॉलन्या अशा उठत होत्या, की रिक्षावाल्यालाही पत्ता सापडत नसे. पाणी मात्र सगळ्यांना टँकरचंच.

गावाकडं तिसरं वर्षही कोरडं गेलं, तेव्हा आबांनी मेंढरं विकली. विकली कसली, मातीमोल केली. अशा दिवसांत सगळेच विकायला येतात, घेणारा कोण? तरी कळप मोठा, म्हणून गाठीला बऱ्यापैकी पैसा राहिला. ते आणि आई माझ्याकडं राहायला आले. मी एकुलती. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे आबांना मेल्याहून मेल्यासारखं. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, पाऊस पडला की या पैशाची मेंढरं घेऊन आपण चाललो. त्या पैशाला घरात कुणी पैसा म्हणतच नव्हतं. आई म्हणायची, "मेंढरं कपाटात हायत."

त्याच सुमारास कुठल्याशा देशात कारखाना बंद पडला आणि रॅमचे भाव आठवड्यात चढले. माझ्याकडं चार-पाच जुन्या पडून होत्या, त्या मी चांगल्या भावात काढल्या. आबा स्टुलावर बसून बघत होते. संध्याकाळी त्यांनी चौकशी सुरू केली. ही वस्तू सडते का? नाही. कीड लागते? नाही. आपल्याकडं होते? नाही, बाहेरून येते.

"मंग हा कडबाच की, माय," ते म्हणाले.

दुष्काळात ज्यानं कडबा राखला तो तरला, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची अक्कल. गंजी लवकर फोडली तो वेडा, दम धरला तो शहाणा. मी परोपरीनं सांगितलं, की आबा, हा कडबा नाही, प्रोसेसरमध्ये तर दोन मोठ्या कंपन्या भाव पाडायला एकमेकींच्या उरावर बसल्यात. ऐकतील तर ते आबा कसले? कपाटातली सगळी मेंढरं त्यांनी माझ्यापुढं ठेवली, याचा माल घे म्हणाले. पैसा त्यांचा, हट्टही त्यांचा. मुंबईच्या व्यापाऱ्याला काय, त्यानं आनंदानं माल पाठवला. तोही रॅम नव्हे, सगळ्यात महागडे प्रोसेसर, कारण घ्यायचं तर जातिवंत घ्यावं.

आबांनी ते पत्र्याच्या डब्यात ठेवले आणि वर कडुलिंबाचा पाला घातला. कीड लागत नाही हे सांगून माझं तोंड दुखलं. असू दे म्हणाले. दर महिन्याला पाला बदलायचे.

मग भाव पडायला लागले. एका कंपनीनं उतरवला की दुसरी त्याच्या खाली जायची. व्यापारी सोमवारी एक भाव सांगायचा आणि शुक्रवारी तो सांगायची त्यालाच लाज वाटायची. गिऱ्हाईकही हुशार झालं, थांबू की अजून महिनाभर म्हणत चहा पिऊन जायचं. मी रोज आबांच्या मागं लागायचे, आज विका, निम्मे तरी सुटतील. ते तंबाखू मळत म्हणायचे, पडत्या बाजारात येडा विकतो. त्यांचा तो थंडपणा बघून मला रडावं की भांडावं कळत नसे. खरं तर दोन्ही केलं.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. ओढे वाहिले, डोंगर हिरवे झाले, आणि ज्यानं त्यानं पुन्हा मेंढरं धरायला सुरुवात केली. आबा सकाळीच पटका बांधून, काठी घेऊन डब्यासकट दुकानात आले. त्या दिवशी छावणी भागात मेंढरांचा आठवडी बाजार होता.

मी व्यापाऱ्याला फोन लावला. भाव तो काय सांगेल याची मनाची तयारी होती. पण तो भाव सांगेचना. म्हणाला, ताई, हे आता बसवायचे कशात? कंपनीनं खाचच बदलली, यांचे मदरबोर्ड येणंच बंद झालंय. फुकट पाठवले तरी माझ्याकडं ठेवायला जागा नाही.

वर्षभर मीच बजावत होते, पण पडणं वेगळं आणि संपणं वेगळं. आबांना एकदा सांगितलं, त्यांना कळलं नाही. पुन्हा सांगितलं. त्यांनी डबा उघडला, पाला बाजूला केला, एक प्रोसेसर उजेडात धरला. कोरा करकरीत, एक ओरखडा नाही.

"मेंढरू मरायचं असलं की आधी खाणं सोडतं," ते म्हणाले. "कान पाडतं. ह्ये कवा मेलं?"

ते उठले आणि बाजाराच्या दिशेनं चालू लागले. मी हाक मारली, पैसे देऊ का विचारलं. लेकीच्या पैशानं मेंढरं घेणारे ते नव्हतेच. वळूनही बघितलं नाही.

दिवसभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मेंढरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा ठरतो. रुमालाखाली हात दिला की तुम्ही गिऱ्हाईक, आणि आबांच्या खिशात जायच्या-यायच्या भाड्यापुरते पैसे.

दिवेलागणीला ते आले. अंगाला मेंढरांचा वास येत होता. आईनं पाणी दिलं. कशी होती मेंढरं, तिनं विचारलं.

"चांगली हायत. कंबरंत भरलेली. वळखीचे लई भेटले, जो तो रुमाल घिऊन म्होरं यायचा."

"मग?" मी विचारलं.

आबांनी तांब्या खाली ठेवला.

"हात पाठीमागं बांधूनच हिंडलो, माय."