आवुओरच्या खुराड्यातली काठी

नवरा वारला आणि महिन्याभरात आवुओरच्या खुराड्यातली, कोंबड्यांनी बसून झोपायची आडवी काठी मोडली. कोंबड्या अंडी घालायच्या खोक्यांतच झोपू लागल्या, अंडी विष्ठेने बरबटली आणि चहावाल्याने ती घेणं बंद केलं. दुसरी मिळकत नव्हती.

तिच्या जमातीत दिराचा नवरा म्हणून हात धरल्याशिवाय विधवेने अंगणात काही बांधायचं नसतं, मग ती कोंबड्यांची काठी का असेना. दीर ओगोला, तीन बायकांचा धनी, रोज कुंपणाशी येई.

“वहिनी, बसवू का काठी?”

“काठी बसवून लगेच परत जाणार असाल तर या, भावजी!”

तो हसत निघून जाई. दोन महिने तिने पोरींना तीच अंडी खाऊ घातली. मीठही संपलं तेव्हा तिने ओगोलाला घरात घेतलं.

दुसऱ्या दिवशी काठी बसली. कोंबड्या तिच्यावर शहाण्या सुनांसारख्या रांगेत झोपल्या.